ताईच्या हाताची वाव

ताई, कावळा शिवला नाही.

तुला हे ऐकून हसू येणार, ठाऊक आहे मला. "अरे नंद्या, त्या सकाळी घाटावर तीन दहावे होते, कावळ्यांची पोटं भरली असतील," असं म्हणाली असतीस आणि वर कावळ्याच्या पोटात किती मावतं तेही सांगत बसली असतीस. तीन दहावे होतेच. शेजारच्या दोन्ही पिंडांवर कावळे तुटून पडले. आपल्या पिंडाकडे एकानं ढुंकून पाहिलं नाही. एक म्हातारा कावळा तेवढा विजेच्या तारेवर बसून मान वाकडी करून बघत होता. सगळे म्हणतात, पिंडाकडे बघत होता. छे! माझ्याकडे बघत होता.

आधी दाजी पुढे झाले. हात जोडून म्हणाले, "जुईची काळजी करू नकोस, मी आहे." कावळा हलला नाही. मग जुई म्हणाली, "आई, तुझी वही मी चालू ठेवीन." तरी नाही. मग माझ्या मंजूनं डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "वन्सं, तुमच्या भावाचा राग-रुसवा मी सांभाळीन, तुम्ही निवांत जा." तरीही नाही. मग सगळी माणसं माझ्याकडे वळली. एकुलता एक भाऊ. तुझं काय राहिलंय ते मला पक्कं माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे जुईला माहीत होतं, कारण ती पोरगी माझ्याकडे बघेना. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "ताई, तेराव्याचं सगळं नीट करू."

आता तूच सांग, हे काय बोलणं झालं? तेराव्याच्या जेवणात कधी तुझा जीव अडकला होता? ऊन चढलं, शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला आणि आम्ही घरी आलो.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. दुकान उघडतो, बसतो, उठतो, नदीपर्यंत जाऊन येतो. गिऱ्हाईक वही मागतं, मी कंपासपेटी देतो. मंजू म्हणते, पायाला भिंगरी लागलीय तुमच्या. तू कशानं गेलीस, किती वाजता गेलीस, हे इथे लिहीत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन आठवडे तेच सांगतोय, पाठ झालंय. पेपरात 'ज्येष्ठ मत्स्यशास्त्रज्ञ' म्हणून बातमी आली. फोटो लग्नातला, इस्त्रीच्या साडीतला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून नदीत उभी असलेली, वाकलेली, तोंडानं "श्श, हलू नका" म्हणणारी बाई महाडात सगळ्यांनी बघितलीय, आणि पेपरवाल्यांना तुझा हा एकच फोटो मिळाला. जे कोणाला सांगितलं नाही ते मी लिहायला बसलोय. रविवारी गावकीची बैठक आहे, म्हणून आजच बसलोय.

तुझ्याशी मी आयुष्यभर भांडलो, हे आधी कबूल करतो. आपलं सगळ्यात जुनं भांडण गाबोळीचं. वलगणीचे मासे, म्हणजे अंडी घालायला पाण्याच्या उलट चढणारे मासे, गावात सगळे धरतात. आई त्यांची गाबोळी, म्हणजे पोटातली अंडी, तव्यावर कुरकुरीत करायची आणि तू ताट सरकवून म्हणायचीस, "एका घासात तू हजार मासे खातोयस." मी म्हणायचो, "मग तुझ्या वाटचे हजार पण दे इकडे." बाबा हसायचे. माशांचा एवढा अभ्यास करणारी तू, खवय्यी मात्र माझ्या दुप्पट होतीस. कोणी टोकलं की म्हणायचीस, "ज्याला चव माहीत नाही त्याला किंमत काय कळणार?" काटा न काढता मळ्या खायचीस, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माशावर शाळेत जाऊन तासभर बोलायचीस. बाबांना गुडघे शेकायला सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडाला न्यायचो, तेव्हा ते कुंडात बसायचे आणि तू काठावर पालथी पडून बघायचीस, एवढ्या गरम पाण्यात राहतं कोण. आम्ही लाजेनं दुसरीकडे बघायचो. तू मात्र बाबांना नेण्याचा एकही महिना चुकवला नाहीस. मी चुकवले, पुष्कळ.

आणि तो पूर. मला त्याबद्दल लिहायचं नव्हतं, पण लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

पाणी उतरलं तेव्हा दुकानात गुडघाभर चिखल. पाठ्यपुस्तकं, वह्या, सगळं भिजून इतकं फुगलेलं की रॅकमधून निघेना. तू रबरी बूट घालून आलीस, पहार आणलीस आणि आपण दोघं पुस्तकं पहारीनं उचकटून काढत होतो. दुकानदाराच्या आयुष्यात याहून वाईट काय असेल ते मला माहीत नाही. तेवढ्यात खालच्या कप्प्यात, भूगोलाच्या नकाशांमागे, तुला एक मासा दिसला. बोटभर लांब, मिशाळ, चिखलात तोंड उघडझाप करणारा. तू पहार टाकलीस आणि ओरडलीस, "नंदू, बादली! लवकर!"

माझं टाळकं सटकलं. मी भर रस्त्यावर ऐकू जाईल असं ओरडलो, "माझं दुकान मेलंय आणि तू माशाला बादली मागतेस? लाज वाटत नाही?" तू तो मासा ओंजळीत घेतलास आणि चिखल तुडवत नदीकडे गेलीस. परत आलीस, पहार उचललीस आणि संध्याकाळपर्यंत पुस्तकं काढत राहिलीस. त्यानंतर रोज आलीस, भिंती घासल्यास, दाजींकडून पंप मागवलास, जुईला वह्या निवडायला बसवलंस. दुकान उभं राहिलं ते तुझ्या जिवावर. हे मी तुला कधी सांगितलं नाही. माशाचं मात्र दर दिवाळीला चारचौघांत सांगून तुझी चेष्टा करत आलो.

पुरानंतर मी एकच गोष्ट धरून बसलो: गाळ काढा. नदीतला, खाडीतला, वरचा, खालचा, दिसेल तो गाळ काढा. तू म्हणायचीस, "महाडजवळचा काढा ना, कोण नको म्हणतंय? मी स्वतः सही करते. पण कोंडीला हात लावू नका." आणि मी म्हणायचो, "वरून सगळं खालीच येतं ताई. तुझी कोंड काय आभाळातून पडलीय?"

ही कोंड म्हणजे आपल्या गावाजवळचा डोह, काळकाईची कोंड. उमरठच्या अलीकडे नदी वळते तिथला. देवीचा डोह म्हणून तिथे गळ टाकायचा नाही, जाळं लावायचं नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. उन्हाळ्यात नदी तुटते, तेव्हा वरखालचे सगळे मासे या कोंडीत येऊन जीव धरतात, मोठाले खडस मासे त्यातच वाढतात, हे तू मला शंभरदा सांगितलंस. कोंडीच्या तोंडाशी खडकाचा एक उंबरा आहे. त्याच्यामुळे पाणी अडतं. पोकलेन आत उतरवायचं तर तो उंबरा फोडावा लागणार. "उंबरा फोडला की कोंड उरत नाही रे, नुसती नदी उरते," तू म्हणालीस. मी तेव्हा मोबाईल बघत होतो.

आता माझ्या चुकीचं सांगतो. तुला माहीत आहे, तरी सांगतो.

दरवर्षी तुळशीचं लग्न झालं की तू कोंड मोजायला जायचीस. कॉलेजात होतीस तेव्हापासून. कोंडीच्या काठच्या हत्तीदगडावर उभं राहायचं, दोरीला दगड बांधून खाली सोडायचा, तळ लागला की दोरी ओढून घ्यायची आणि भिजलेली दोरी वावेनं मोजायची. दोन्ही हात ताणून पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव, आपल्या पणज्याही तशाच मोजायच्या. ऑफिसात तुझ्याकडे यंत्रं होती. मी विचारलं तर म्हणालीस, "मीटरमध्ये सांगितलं की गावाला ते सरकारचं वाटतं. वावेत सांगितलं की आपलं वाटतं." तुझ्या वहीत पानापानावर एकच आकडा होता: सहा वाव. उंबऱ्यावरून पाणी वाहतंय तोवर पातळी तीच आणि खोलीही तीच, याचा तुला केवढा आनंद व्हायचा! मी म्हणायचो, बदलत नाही तर मोजतेस कशाला?

गेल्या वर्षी तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तू मला पाठवलंस. मी गेलो. हत्तीदगडावरून दोरी सोडली, ओढली, हात पसरून मोजली. पाच वाव आणि वर एक हात. पुन्हा मोजली. तेवढीच. मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. म्हटलं, सापडली ताई! जवळजवळ एक वाव गाळ साचलाय आणि ही बाई म्हणते कोंडीला हात लावू नका. तुला फोन करायच्या आधी मी गावात सांगितलं. पंधरा दिवसांत अर्ज तयार: कोंड गाळानं भरली आहे, खोली घटली आहे, गाळ काढून मिळावा. कोंडीला लागून आपलं खाचर, म्हणून पहिली सही माझी, आणि मोजणाऱ्याचं नावही माझंच.

तू दुकानात आलीस ती काठी टेकत. भर दुपारी, गिऱ्हाइकं उभी असताना म्हणालीस, "नंद्या, भिंतीला पाठ लाव. हात पसर." मी पसरले. माझ्याच दुकानातला खडू घेऊन तू माझ्या बोटांशी दोन खुणा केल्यास. मग स्वतः भिंतीला टेकून उभी राहिलीस आणि मंजूला सांगितलंस, आता माझ्या कर. तुझ्या खुणा माझ्या खुणांच्या चांगल्या आत आल्या. भिंतीवरची पुराच्या पाण्याची रेघ मी मुद्दाम पुसलेली नाही, तिच्या जरा खाली. गिऱ्हाइकं बघत होती. तू हसायला लागलीस, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अरे घोड्या, तुझे हात माझ्याहून लांब! वही माझ्या वावेची, मोजलंस तुझ्या वावेनं! कोंड कुठे उथळ झाली? तू लांब झालास!"

मंजू हसली, गिऱ्हाइकं हसली. मी नाही हसलो. मी चिडलो, ताई. चूक कळली होती, त्याच क्षणी कळली होती. पण माणसांत हसं झालं म्हणून मी म्हणालो, "एक हातभर इकडेतिकडे झालं असेल, गाळ काही खोटा नाही." तुझं हसू थांबलं. "गावात जाऊन तेवढं सांगून ये," तू म्हणालीस. "चूक झाली म्हण. तुझ्या तोंडून ऐकतील ते. माझ्या तोंडून आता माशांची वकिली वाटते."

मी म्हणालो, "बघू."

त्यानंतर वर्षभर तू दर पंधरा दिवसांनी विचारलंस आणि मी दर वेळी 'बघू' म्हणालो. भाऊबीजेला ओवाळताना विचारलंस, "ओवाळणी नको, तेवढं सांगून ये." मी ताटात साडी ठेवली. तुळशीच्या लग्नाआधीच तू गेलीस. अर्ज मात्र वर्षभर टेबलं फिरून पास झाला. भातकापणी उरकली की पोकलेन येणार, फक्त गावकीनं शेवटचा होकार द्यायचा. तो रविवारी. म्हणून कावळा शिवला नाही. तू कितीही हस, म्हणूनच शिवला नाही.

इथवर लिहिलं आणि उठलो.

आज सोमवार आहे. काल काय झालं ते सांगतो.

पहाटे जुईला स्कूटरवर घेतलं. मी बोलावलं नव्हतं. ती दारात दोरी आणि वही घेऊन उभी होती. पोलादपूर सोडून आत वळलो तेव्हा ती म्हणाली, "मामा, तू आज बोलणार आहेस का?" मी म्हणालो, "बघू." तिनं मागून माझ्या पाठीत अशी बुक्की मारली की स्कूटर हलली. तुझीच पोरगी.

काळकाईच्या देवळात सगळा गाव बसला होता. अध्यक्षांनी अर्ज वाचला. 'सहमत' म्हणायच्या आधी मी उभा राहिलो. म्हटलं, "अर्जातली खोली मी मोजलीय. ती चुकीची मोजलीय." आणि भिंतीचं, खडूचं, सगळं सांगितलं. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मला वाटलं, संपलं. पण तुकाराम उठला. पुरात त्याचं खाचर दगडगोट्यांनी भरलं, अजून त्यात भात होत नाही. तो म्हणाला, "बहीण जिती व्हती तवा का नाय बोललास रे? वरीसभर आमी या कागदावर आशा लावून बसलो. आता ती गेली म्हनून तुला रडू येतंय. माझ्या खाचराचं काय?"

मी म्हणालो, "तुझं खरं हाय. वर्षभर मी लाज झाकत बसलो." एवढंच.

काळकाईचे गुरव भिकूतात्या आतून बाहेर आले. म्हणाले, "बोलाचाली कशाला? कोंड काय लांब हाय? मोजा की सगळ्यांसमोर."

सगळा गाव हत्तीदगडावर. उंबऱ्यावरून पाणी वाहत होतं, तू म्हणायचीस तसं. दोरी मी सोडली. तळ लागला. ओढली. भिजलेल्या दोरीच्या टोकाला खूण केली आणि आधी मी मोजली, मोठ्यानं मोजत. पाच वाव आणि एक हात. लोक कुजबुजायला लागले. मग मी दोरी जुईच्या हातात दिली. तिनं चपला काढल्या, हात ताणले आणि मोजायला लागली. एक. दोन. तिची मान तुझ्यासारखी एका बाजूला झुकत होती. चार. पाच. सहाव्या वावेला तिच्या उजव्या हाताचं बोट आणि दोरीवरची खूण एकावर एक आली.

"सहा," भिकूतात्या म्हणाले.

गर्दीतून कोणीतरी म्हातारी बोलली, "गो बाय, हात आयशीचेच हायत."

अर्जातली कोंडीची ओळ खोडली. खोडलेल्या ओळीशेजारी माझी सही घेतली. कोंडीखालचा, शेतांकडेचा गाळ आणि दगडगोटे काढायचं तसंच ठेवलंय, आणि त्यात तुकारामाचं खाचर पहिलं घातलंय. तुकारामानं सही केली, माझ्याशी बोलला नाही. बरोबर आहे त्याचं. पुराची माझी भीतीही गेलेली नाही, ताई. पाऊस लागला की मी आजही शटर उघडून रस्त्याकडे बघत बसतो. तुझं सगळं मला पटलं असं समजू नकोस. कोंडीचं पटलं.

माणसं गेली. आम्ही दोघं हत्तीदगडावर बसलो. मंजूनं भाकरी आणि तळलेली मळी दिली होती. जुईनं वही काढली, तारीख घातली, 'सहा वाव' लिहिलं आणि स्वतःचं नाव घातलं. मग एकदम थांबली आणि वही माझ्यापुढे धरली. मागच्या वर्षीची ओळ. ती मी कधी बघितलीच नव्हती. मला वाटलं होतं, तू ती खोडली असशील, नाहीतर पुढे 'चूक' असं लाल शाईनं लिहून ठेवलं असशील. शास्त्रज्ञ बाई, चुकीचा आकडा कसा ठेवशील?

तू ठेवलायस. तुझ्या बारीक, सरळ अक्षरात. 'पाच वाव, एक हात. मोजणारा: नंदू. हात लांब.'

बस्स, एवढंच. खोडाखोड नाही, चूक हा शब्द कुठे नाही. मी वर्षभर माझी लाज राखत बसलो होतो आणि ती तू कधीच राखून ठेवली होतीस.

मग मला आवरलं नाही. मी मोठ्यानं रडलो, त्या दगडावर, पन्नाशी उलटलेला माणूस. "चुकलो गं ताई," असं पाण्याकडे बघून म्हणालो, जे मला पिंडासमोर म्हणता आलं नाही. जुईनं माझ्या हातातून हळूच वही काढून घेतली. "मामा," ती म्हणाली, "वही भिजेल."